दुसरा खिळा

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या धुऊन शेडबाहेर उभ्या राहिल्या, पण निलोफरने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आधी स्वयंपाकघराच्या दारामागे गेली. तिथे भिंतीला शेजारी शेजारी दोन खिळे होते आणि दोन्हींवर एकेक कापडी पिशवी अडकवलेली होती. तिने पिशव्या चाचपल्या. दोन्हींत रोटर होते. मग तिने चहाचं आधण ठेवलं आणि चहा होईपर्यंत आणखी दोनदा मागे वळून खिळे पाहून घेतले.

शिकलगारांच्या घरात गाडीला नुसतं कुलूप लावून कुणाचं समाधान होत नसे. रोटर म्हणजे इंजिनातला अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो काढून घेतला की ठिणगी पडत नाही, मग चावी कितीही फिरवा. दिलावर शिकलगार पौडहून पुण्याला फियाटने भाडी मारायचे तेव्हापासून गाडी दारात लागली की रोटर घरात यायचा. ते जाऊन नऊ वर्षं झाली. गाड्या आता महिन्यातून एकदा बाहेर निघतात, पण पद्धत काही सुटली नाही. दिलावरांची नात जस्मीन हिंजवडीला कंपनीत होती आणि या प्रकाराला मनसोक्त हसायची. चौसष्टची फियाट आणि शहाऐंशीची मारुती चोरून चोर जाणार कुठे, असं तिचं म्हणणं.

बारा दिवसांवर तिचाच निकाह होता. तिची आई कोरोनात गेली, म्हणून आईच्या जागी उभं राहायला निलोफर फुपू, म्हणजे तिची आत्या, भोरहून महिनाभर आधी येऊन राहिली होती. जेवणाचं ठरलं, पत्रिका गेल्या. राहिलं होतं ते एकच, नवरी कोणत्या गाडीतून जाणार. महाळुंग्याचे पाहुणे आज तेच ठरवायला येत होते.

खरं तर यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. या घरातली प्रत्येक मुलगी फियाटमधून सासरी गेली. दिलावरांच्या दोन्ही बहिणी गेल्या, पुतणी गेली. एकटी निलोफर गेली नाही. अठ्ठ्याऐंशी साली तिच्या लग्नाच्या सकाळी खिळा रिकामा निघाला. तेव्हा खिळा एकच होता आणि सकाळी रोटर नेऊन बसवायचं काम धाकट्या भावाचं, हाफीजचं. वऱ्हाड ताटकळलं, घर उलटंपालटं झालं. शेवटी विश्राम डॉक्टरांची नवी मारुती दिलावरांच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला आलेली होती, तिच्यात बसवून निलोफरला भोरला धाडलं आणि डॉक्टरांचा ड्रायव्हर संध्याकाळी ती परत घेऊन आला. तीच मारुती पुढे डॉक्टरांनी दिलावरांना विकली. पण निलोफरच्या सासरी ती कायमची ‘मागून आणलेल्या गाडीतली’ झाली. नवरा भला होता, त्याने कधी शब्द काढला नाही. बाकीच्यांनी त्याचा वाटाही बोलून घेतला.

दोन दिवसांनी रोटर आपसूक खिळ्यावर परत आला होता, हेही तिला नंतर कळलं. हाफीजचा त्या गाडीवर किती जीव होता ते तिला ठाऊक होतं. तिने कुणाला काही विचारलं नाही. तिला विचारायची गरज वाटली नाही.

“फियाट तापते,” हाफीज चहा घेता घेता म्हणाला. कंपनीचा जुना युनिफॉर्मचा शर्ट घालून तो पहाटेपासून गाड्यांमागे होता. “महाळुंग्यापातुर ट्रॅफिक असतं. मधीच बंद पडली तर चारचौघांत हसं व्हईल.”

“चारचौघांत बंद पडायची तिला सवय हाय,” निलोफर म्हणाली.

हाफीजने बशी खाली ठेवली. “मारुती एका चावीला उठते, आपा. वळवायला हलकी. गल्लीत घातली तरी बिनघोर मागं घेता येती.”

“पप्पा, मी शरारा घालून मारुतीत मागे बसले ना, तर गुडघे हनुवटीला लागतील,” जस्मीन म्हणाली. “फियाटची सीट बघा, घरातल्या सोफ्यापेक्षा ऐसपैस आहे. आणि तो स्टीअरिंगपाशी असलेला गिअर, त्या त्रिकोणी काचा. फोटोग्राफर तर वेडाच होईल.”

“फोटोला काय जातंय. तुला दवाखान्यातनं घरी आणली ती याच मारुतीतनं. तवा न्हाई गुडघं लागलं.”

“अब्बा म्हणायचे,” निलोफर मुद्दाम भावाकडे पाहत बोलली, “फियाटशी दोन शबुद बोलावं लागतं, मारुतीला नुसतं सांगितलं तरी चालतं. बोलून बघ की हाफीज. तुझं ऐकत हुती ती.”

अब्बांचं नाव निघालं की हाफीज गप्प होतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो उठून बाहेर गेला. जाताना दारामागे क्षणभर थांबला, एवढं निलोफरने बरोबर टिपलं. त्याची पाठ वळताच ती जाऊन पाहून आली. पिशव्या होत्या तिथेच होत्या.

खिडकीपाशी खुर्चीवर बसलेली रहिमतबी पान जमवत होती. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करू देत नव्हती. “किती खेपा घालतीस?” ती म्हणाली. “भिताड काय पळून चाललंय का?”

“भिताडाचा भरवसा हाय, अम्मा,” निलोफर म्हणाली आणि दुधाकडे बघायला गेली.

*

पाहुणे अर्धा तास आधीच आले. फैजान, म्हणजे नवरदेव, आणि त्याचे दस्तगीरमामू. फैजान सगळ्यांना सलाम करून अवघडून उभा राहिला. मामूंनी घरात पाऊल न टाकता आधी गाड्यांना फेरी घातली.

हाफीज त्यांच्यामागे चालत होता. मारुतीपाशी मामू जेमतेम थांबले. टपावर दोन बोटं वाजवून म्हणाले, “ही आमच्या शेजारच्याकडंबी हुती. डब्यागत हाय, पण गुणी.” फियाटपाशी मात्र त्यांची पावलं रेंगाळली. दार उघडून लावून पाहिलं, आवाज ऐकून मान हलवली. बॉनेटवरून हात फिरवला.

“दोघींत बावीस वर्साचं अंतर,” मामू म्हणाले. “पण पत्रा बघा ह्या थोरलीचा. कागद कुणाच्या नावावर हायेत?”

“माझ्या,” हाफीज म्हणाला. “का?”

“आपलं सहज. मुठ्याला आमी बंगला बांधतोय, फैजाननं सांगितलंच आसंल. तितं गेटात ही काय शोभंल.” मामू हसले. “पूर्वी न्हाई का, पोरगी ज्या गाडीतनं यायची ती गाडी दारातच ऱ्हायाची.”

फैजानने मान खाली घातली होती. त्याने हे आज पहिल्यांदा ऐकलं की घरातून ठरवूनच आला होता, ते त्याच्याकडे बघून हाफीजला कळेना. साखरपुड्याच्या दिवशीही मामूंनी हेच बोलणं चार बायकांत सोडलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. म्हणून तर हाफीज महिनाभर मारुती मारुती करत होता. मारुती कुणी मागणार नव्हतं. आणि हे कारण मुलीला सांगायचं म्हणजे तिच्या मनात सासरबद्दल आत्ताच विष कालवायचं.

“दोन्ही चालू करा, चढापातुर जाऊन येऊ,” मामू म्हणाले. “जी बरी चालंल ती नवरीची. काय?”

हाफीज आत आला. दारामागे गेला आणि जागीच थबकला. पहिला खिळा रिकामा होता. दुसऱ्या खिळ्यावर फियाटची पिशवी लटकत होती. मारुतीची गेली होती.

ओट्यापाशी निलोफर पाठमोरी उभी होती. सकाळपासून पाचसहा वेळा ती इथे येऊन गेली होती, ते त्यानेही पाहिलं होतं. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मागोमाग तळपायाची आग मस्तकात गेली. पण दारात पाहुणे होते. त्याने फियाटची पिशवी घेतली, बाहेर जाऊन रोटर बसवला. फियाट तिसऱ्या चावीला चालू झाली. मामू लगेच मागच्या सीटवर जाऊन बसले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, “वा.”

“दुसरी आणतो,” असं म्हणून हाफीज पुन्हा आत आला.

“आपा, रोटर दे.”

“कसला रोटर?”

“मारुतीचा. सकाळधरनं हितंच घिरट्या घालतीस. तुला फियाटच पाठवायची हाय, मग दुसरी मेलीच पायजे. दे हिकडं.”

निलोफर हातातल्या कलथ्यासकट वळली. “मी? मी राखण करत हुते. तू चोरशील म्हणून.”

“मी कशाला मारुतीचा काढीन? मला मारुतीच न्यायची हाय.”

“तुलाच ठावं. पयल्यांदा काढलास तवा तरी मला कुटं सांगितलंवतंस?”

सदतीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. 

“म्हंजे तुलाबी तेच वाटतं,” हाफीज म्हणाला.

“समद्या भोरला वाटतं.”

“मी न्हाई काढला, आपा. अब्बांनी काढला.”

*

जस्मीन दादीच्या खुर्चीशेजारी उभी होती. पप्पा आणि फुपू एकमेकांना खाऊ की गिळू करत होते, म्हणून दादीकडे फक्त तिचंच लक्ष होतं. दादी त्या दोघांचं ऐकतच नव्हती. तिने मान खिडकीकडे वळवली होती आणि बाहेर चालू असलेल्या इंजिनाचा आवाज ऐकत होती.

“ही कशी उठली?” दादी पुटपुटली.

“कोण, दादी?”

“फियाट. फियाटचाच आवाज हाय न्हवं ह्यो?” तिचा हात कमरेच्या पानाच्या बटव्यावर गेला, आतून काहीतरी चाचपू लागला. “मी तर...”

जस्मीनने खिळ्यांकडे पाहिलं. मग बटव्याकडे. आजोबा गेले त्या दिवशी त्यांच्या बंडीच्या खिशात फियाटचा रोटर निघाला होता. पप्पांनी तो पहिल्या खिळ्यावर अडकवला नाही. वेगळा खिळा आणून ठोकला, आणि त्या दिवशी घरात मयत असताना ती ठोकाठोक लोकांना फार खटकली होती. जस्मीन तेव्हा शाळेत होती, पण तिला ते आठवत होतं. पहिल्या खिळ्यावर मारुतीचा आणि दुसऱ्यावर फियाटचा, हे घरात ज्याला डोळ्यांनी धड दिसतं त्या प्रत्येकाला माहीत होतं.

“दादी,” ती हळूच म्हणाली, “तो मारुतीचा आहे.”

रहिमतबीचा हात थांबला. ओट्यापाशी चाललेलं बोलणंही थांबलं. म्हातारीने बटव्यातून पिशवी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिली.

“फियाटचा खिळा पयला,” ती म्हणाली. “पयल्यापासनं पयलाच हाय.”

फुपूच्या हातातला कलथा ओट्यावर पडला. “अम्मा, तवाबी तूच?”

 बाहेर फियाट घुरघुरत होती.

“तुझा सासरा बोलला हुता,” रहिमतबी म्हणाली. “पोरगी ज्या गाडीत येईल ती आमच्या दारात ऱ्हाईल. तुझ्या अब्बांनी व्हय म्हणून टाकलं. म्हणाले, पोरीपरीस गाडी मोठी हाय का. मी मागल्या दारात हुते, समदं ऐकलं. डाक्टरांची गाडी दुसऱ्याची. ती कोण ठेवून घेतंय?”

“म्हणून मला मागून आणलेल्या गाडीतनं...” फुपूचा आवाज फुटला. “अम्मा, मी जलमभर ऐकलं ते.”

“ऐकलंस. पण तुझं बाळ गेलं तवा तुला आणायला कोण आलं? फियाट आली. चार महिनं हितं ऱ्हायलीस. तितं त्यांच्या दारात उभी असती तर कोण आलं असतं?” मग ती म्हणाली, “आन् खोटं कशाला बोलू. त्या गाडीवर घर चालत हुतं. ते बी हुतं.”

निलोफर खाली बसली. रडायला सुरुवात करावी की भांडायला, हे तिचं तिलाच कळत नसावं. तिने पदराने तोंड पुसलं आणि भावाकडे पाहिलं.

“हाफीज, मी तुला...”

“ऱ्हाऊ दे, आपा,” तो म्हणाला.

“आजबी तेच,” दादी सांगत होती. “त्यो दस्तगीर साखरपुड्याला काय बोलला ते तुमी हसण्यावारी न्यालं. म्हटलं, आपण हाय तवर...”

“म्हणजे मामूंना गाडी हवीय?” जस्मीनने पप्पांना विचारलं. “आणि तुम्हाला माहीत होतं?”

हाफीजने मान हलवली.

जस्मीनला राग आला. दादीचा आला, पप्पांचा आला, आणि खाली मान घालून उभ्या असलेल्या फैजानचा तर फारच आला. दोन पिढ्या या घरात लोक रोटर लपवत बसले, पण एका माणसाला तोंडावर नाही म्हणणं कुणाला जमलं नाही. ती ओढणी सारखी करून तशीच बाहेर गेली. खिडकीतून सगळ्यांना ऐकू येत होतं.

“मामू, मी फियाटमधून येणार आहे. पप्पा स्वतः चालवतील आणि त्याच संध्याकाळी गाडी परत आणतील. ती तुमच्या दारात राहणार नाही, मुठ्यालाही नाही. हे आजच सांगते, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.”

मामू हसले, पण सीटवर पसरलेले हात त्यांनी आवरून घेतले. “अगं, मी मस्करीत म्हटलं पोरी.”

“मग बरंच झालं.” ती फैजानकडे वळली. “तुला काही म्हणायचंय?”

फैजान म्हणाला, “नाही. गाडी तुमचीच आहे.” ते खूप हळू म्हणाला आणि म्हणायला वेळही लावला. तो वेळ जस्मीनने मनात नोंदवून ठेवला. न बोलता मनात ठेवायची ही या घरातल्या माणसांची सवय तिला आजच लागली.

*

पाहुणे चहा घेऊन गेले. चढापर्यंत कुणी गेलं नाही.

हाफीजने फियाट बंद केली, रोटर काढला आणि तो मुठीत धरून आत आला. निलोफर पाठ करून भांडी विसळत होती. रहिमतबी अजून खुर्चीतच होती, मारुतीची पिशवी मांडीवर तशीच.

“अम्मा, त्या दिशी मांडवात अब्बांनी माझ्या कानाखाली वाजवली. तू तितंच हुतीस.”

“हुते.”

“मला वाटलं, गाडी सोडवत न्हाई म्हणून त्यांनीच काढलाय आन् लोकांना दाखवायला मला मारतायत. म्हटलं, चला, आज ना उद्या एकट्यात सांगतील. त्यांनी तवापासनं रोटर खिळ्याला लावला न्हाई. रोज बंडीच्या खिशात घालून टिचबटण लावायचे, माझ्यासमोर. मला वाटायचं, किती वर्स नाटक करणार ह्यो माणूस. मी कटाळून पिरंगुटला कंपनीत लागलो, गॅरेज सोडलं. त्यांना नाटक करायला माझी गरज नको म्हणून.” त्याने मूठ उघडून रोटरकडे पाहिलं. “ते नाटक नव्हतं?”

“न्हाई. त्यांना कायबी ठावं न्हवतं.”

“शेवटपातुर?”

रहिमतबी हातातली सुपारी बोटांनी फिरवत राहिली.

“जायच्या आदल्या आठवड्यात इचारलं त्यांनी,” ती म्हणाली. “म्हणाले, रहिमत, हाफीजनंच काढला हुता ना गं?”

निलोफरच्या हाताखालचा नळ वाहत राहिला.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आता कशाला जीवाला त्रास.” तिचा आवाज बारीक झाला. “मी व्हय म्हणाले.”

 ज्याच्यावर ओरडावं तो माणूस नऊ वर्षांपूर्वी गेला होता आणि जी समोर बसली होती तिच्यावर ओरडून काय होणार होतं? हाफीजला एवढंच वाईट वाटत होतं की अब्बांच्या शेवटच्या आठवड्यात तो रोज त्यांचे पाय दाबत होता, आणि ते त्याच्याकडे बघत, काही न बोलता.

तो दारामागे गेला. निलोफरने नळ बंद करून मागे पाहिलं. पहिला खिळा रिकामा होता, दुसराही. हाफीजने एकदा या खिळ्याला हात लावला, एकदा त्या. मग त्याने रोटर युनिफॉर्मच्या शर्टाच्या खिशात टाकला.

रहिमतबीला एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं. पण खिशाचं टिचबटण लागल्याचा आवाज तिला ऐकू आला, आणि तो तिने ओळखला.